राबावर गेलेलं छप्पर

वैशाख निम्मा सरला की मावळात जिकडेतिकडे राबाचा धूर निघतो आणि माझं डोकं फिरतं. भाताची रोपं जिथे करायची तो तुकडा आम्ही आधी भाजून काढतो. त्यावर शेण, पालापाचोळा, फांद्या, गवत असं काय काय पसरायचं, वर थोडी माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. याला राब म्हणतात. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना तो धूर फार आवडतो. डोंगराच्या पायथ्याशी निळसर पट्टा दिसतो, सांजवेळी वास येतो, आणि माणूस हळवं होतं. मी होत नाही. मला त्या धुरात एका छपराचा वास येतो, आणि ते छप्पर कुणाच्या डोक्यावरचं होतं हे मी विसरलेली नाही.

परवा माझा पुतण्या सदा गोठ्यावर चढून जुनं गवत ओढून खाली टाकत होता. सदाचा संसार वेगळा, घर आमच्या घराला लागून. मी अंगणात तांदूळ पाखडत होते. विचारलं, "नवं गवत कुठे आहे?" तर म्हणतो, "काकी, गवत समदं गाठीवाल्याला दिलं. लढाई हाय ना, लष्कराच्या खेचरांना पायजे. ठेकेदार म्हनला, गोठ्याला पत्रं देतो." मी सूप खाली ठेवलं आणि त्याला असं काही बोलले की तो शिडी उतरून खालीच आला. शेजारपाजारचे गोळा झाले. बाईमाणसानं एवढं तोंड सोडावं का, असं कुणीतरी पुटपुटलं. सोडावं. पंचवीस वर्षांपूर्वी सोडायला हवं होतं तेव्हा मी गप्प बसले, त्याची भरपाई अजून चालू आहे.

तेव्हाही लढाईच होती, पहिली. मी टाकव्यात लग्न होऊन आले त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. माहेर लोणावळ्याचं. वडील स्टेशनातल्या मालगुदामावर होते. गुदामाच्या वळचणीबाहेर एखादं पोतं वीतभर आलेलं दिसलं तरी ते हमालांवर ओरडत. "लोणावळ्याचा पाऊस कुणाची ओळख ठेवत नाही," असं म्हणत. भात, मीठ, गूळ, मिरची, सगळं पक्क्या छपराखाली. सासरी आल्यावर मी पाहिलं की इथे भाताला कणगी आहे, माणसाला कौलं आहेत, आणि ज्यांच्या जिवावर हे दोन्ही चालतं त्या जनावरांना दरवर्षी नवं गवत. तेही मिळालं तर.

सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. आत्याबाई उंच, हाडकुळ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या म्हशींना गवत वाहिलं. घरात दोन बैल होते, म्हैस कधीच नव्हती. पोरं नाचणीच्या पेजेवर वाढली. दूध दिसायचं ते सणाला, तेही कुणाच्या तरी दारातून तांब्या भरून आणलेलं, आणि तो तांब्या देताना देणाऱ्या बाईच्या तोंडावर जे काही असे ते आत्याबाईंना पाठ झालं होतं. म्हणून त्या वर्षी फाल्गुनात कामशेतला मालगाडीच्या वाघिणीतून अकरा म्हशी उतरल्या आणि आमच्या दारात आल्या, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा मोठ्यानं बोलताना ऐकलं.

म्हशी आमच्या नव्हत्या. मुंबईच्या एका तबेलेवाल्या शेठच्या होत्या. म्हैस आटली की मुंबईत तिला नुसतं पोसणं परवडत नाही, म्हणून शेठ लोक अशा भाकड म्हशी गावाकडे धाडत. आम्ही त्यांना सांभाळायचं, चारायचं, त्या वेताला आल्या की परत न्यायला माणूस येणार. आमच्या पदरात काय, तर सात-आठ महिन्यांचं शेण, आणि जाताना अकरातली एक म्हैस. कोणती ते तेव्हाच ठरलं नव्हतं. पाण्यात म्हैस आणि वर मोल, तसला तो सौदा. पण आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं. कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक गाभण म्हैस होती. तिचं नाव त्यांनी टिकली ठेवलं. "ही आपली," असं मला म्हणाल्या, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवताना माझ्याकडे बघून हसल्या.

आता मुद्द्याचं सांगते. आमच्या घरामागे लांबलचक गोठा होता. जाड मेढी, वर आढं, वासे, आणि त्यावर गवताचं छप्पर. वर्षभर खालच्या शेणामुताची वाफ आणि माशांसाठी केलेला धूर त्या गवताला लागायचा. ते काळं पडायचं. मामांचं म्हणणं असं की भाताच्या रोपाला यासारखं खत नाही. त्यांच्या वडिलांचंही तेच म्हणणं होतं, वाडवडिलांपासूनच. म्हणून दर वैशाखात गोठ्याचं छप्पर उतरवायचं, राबावर पसरायचं, जाळायचं, आणि मृगाच्या आत नवं गवत चढवायचं. म्हणजे वर्षातले पाचपंधरा दिवस जनावरं उघड्यावर. "त्यांना काय हुतंय," असं म्हणायचं की झालं. अख्ख्या गावात कुणालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. छप्पर हे डोक्यावर ठेवायचं असतं की शेतात जाळायचं, असा प्रश्न कुणी विचारला असता तर त्यालाच वेड्यात काढलं असतं. मी विचारला नाही. उलट त्या काळ्या गवताचे भारे मीच डोक्यावरून राबापर्यंत नेले, आणि एकदा भारा सुटून पडला तेव्हा शेजारणींबरोबर हसलेही. त्या हसण्याची आठवण झाली की आजही माझा मलाच राग येतो.

नवं गवत तयार होतं. मोठी उडवी रचलेली होती. पण लष्करासाठी गवताच्या गाठी बांधणारे आले, आणि त्याच आठवड्यात शेठचा मुनीम म्हशी बघायला आला. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात छत्री. तो मामांना म्हणाला, "गवताचं छप्पर काय घालता, आजोबा? शेठनी पत्रे मागवले आहेत. आपल्या म्हशी आहेत, आपण पक्कं छप्पर घालून देऊ. कायमचं." मामा खुळे नव्हते, पण 'कायमचं' या शब्दानं त्यांना जिंकलं. दर वर्षीची ती ओढाताण संपणार. त्यांनी उडवी गाठीवाल्यांना देऊन टाकली. त्याबद्दल त्यांना बोल लावावा असं मला वाटत नाही. मोठ्या माणसानं दिलेला शब्द लहान माणसानं खरा मानला, एवढाच त्यांचा गुन्हा.

मृग लागला. पत्रे आले नाहीत. आर्द्रा लागल्या. पत्रे आले नाहीत.

मावळातला पाऊस ज्यांनी बंगल्याच्या गच्चीत बसून पाहिला आहे त्यांना तो कळलेला नाही. तो उभा पडत नाही, आडवा येतो. बरोबर वारा आणतो. आठ-आठ दिवस सूर्य म्हणून दिसत नाही. अकरा म्हशी नुसत्या मेढींच्या मध्ये उभ्या. सांगाडा होता, कातडं नव्हतं. दोन बैलांना आम्ही पडवीत घेतलं. म्हशी कुठे घेणार? चार दिवसांत जमिनीचा रबडा झाला. चारा टाकला की अर्धा तोंडात, अर्धा पायाखाली. पायाखाली गेला तो शेणात कालवला, आणि तो म्हैस खात नाही. आत्याबाई आणि मी डोंगरातून भारे आणायचो आणि डोळ्यांदेखत त्यांचा चिखल व्हायचा. शेण तर बघायलाच नको. ज्या शेणासाठी हा सगळा खटाटोप, ते शेण रोज सकाळी पाण्याबरोबर ओढ्याला जात होतं. ओढा हिरवा झाला होता. मामा काठावर उभे राहून त्याच्याकडे बघत राहायचे.

सगळ्यात वाईट म्हणजे त्या बसेनात. जनावराला रवंथ करायला बसावं लागतं. बसायला हातभर कोरडी जागा नाही, म्हणून अकराच्या अकरा उभ्याच. दिवसेंदिवस. खुरांच्या बेचक्यात सडायला लागलं. वास यायला लागला. आत्याबाई चुना आणि हळद लावायच्या, आणि दुसऱ्या क्षणी तोच पाय चिखलात.

शेवटी मी आमच्या यांना म्हटलं, लोणावळ्यात तुंगार्लीला शेठचा बंगला आहे, आपण जाऊन विचारू. मला लोणावळा माहीत होतं. आम्ही कामशेतहून गाडीनं गेलो, स्टेशनवरून चालत वर तुंगार्लीला. तळ्यावर धुकं होतं. बंगल्याला कुलूप, शेठ मुंबईला, पण मुनीम पावसाळ्याची डागडुजी करून घ्यायला आलेला होता. आणि बंगल्याच्या बाजूला नवीकोरी मोटारीची खोली. दार उघडं, आत मोटार नाही, मोटार मुंबईला. आत नुसती मोकळी कोरडी फरशी. वर पत्रे. एक नाही, दोन नाही, मला मोजवेनात इतके. पाऊस त्यावर ताशासारखा वाजत होता.

आमच्या यांनी टोपी काढून विचारलं, "म्हशींचं पत्रं कवा येनार म्हनावं?"

मुनीम हसला. चहा पीत होता. "अहो, म्हशीला कसलं छप्पर? तिला डुंबायला पाणी लागतं, आणि तुमच्याकडे वरून फुकट पडतंय. पाऊस म्हणजे म्हशीचं माहेर."

त्याला वाटलं फार छान बोललो. मला तेव्हा सुचलं नाही, नंतर सुचलं, वर्षानुवर्षं सुचत राहिलं. माहेरी लेकीला बसायला पाट देतात, मुनीमजी. डुंबणं वेगळं. म्हैस दुपारी तळ्यात उतरते, मनात येईल तेव्हा वर येते, आणि कोरड्या सावलीत बसून रवंथ करते. तिचं वर येणं काढून घेतलं की ते डुंबणं राहत नाही, शिक्षा होते. हे तबेलेवाल्याच्या मुनीमाला कळत नव्हतं असं नाही. मुंबईतला त्यांचा तबेला पक्क्या कौलांचा होता, दूध देणारी म्हैस तिथे एका थेंबानं भिजत नव्हती. दूध आटलं की तिला पाऊस मानवायला लागतो, एवढंच त्यांचं शास्त्र. हे सगळं मी तिथे त्याच्या तोंडावर बोलायला हवं होतं. मी पदर सारखा केला आणि उंबऱ्याबाहेर भिजत उभी राहिले. आत या, असंही तो म्हणाला नव्हता.

आषाढात एका सकाळी टिकली घसरली. पोट मोठं, पाय सुजलेले, खाली लोण्यासारखा चिखल. मागचे दोन्ही पाय दोन बाजूंना फाकले आणि ती बसली ती बसलीच. म्हैस अशी फाकली की तिला उठवणं महाकठीण. गावातले आठ-नऊ गडी आले, पोटाखालून दोर घातले, दांडे घातले. त्यांचेच पाय घसरत होते. कोरडी जमीन असती तर ती त्या दिवशीच उभी राहिली असती, असं त्यातला प्रत्येक जण म्हणाला. दुसऱ्या दिवशी रेडकू मेलेलं निघालं. तिसऱ्या दिवशी दुपारी टिकली गेली. ते तीन दिवस आत्याबाई तिच्या तोंडाशी बसून होत्या. स्वतःचं इरलं त्यांनी तिच्या डोक्यावर धरलं होतं. पानांचं आणि बांबूच्या कामट्यांचं ते इरलं एका बाईच्या पाठीपुरतं विणलेलं, त्यात म्हशीचे कानसुद्धा मावत नव्हते.

रडल्या नाहीत. म्हशीला ओढून नेल्यावर त्या उठल्या, शिडी घेतली, आणि घरावर चढल्या. गोठ्यावर नाही, राहत्या घरावर. भर पावसात ओसरीवरची कौलं काढून एकेक खाली द्यायला लागल्या.

मामा धावत आले. "अगं, काय करतीस? घर उघडं पाडतीस व्हय?"

"व्हय."

"मानसं कुटं झोपतील?"

"मानसाला हात हायेत. पळसाची पानं तोडतील, इरलं घेतील, दुसऱ्याच्या वळचनीला जातील. तिला काय हाय? तिला दावं हाय."

 मामांनी पागोटं काढून खुंटीला अडकवलं आणि शिडीखाली हात पसरून उभे राहिले. आमचे हे वर चढले, मी कौलं वाहू लागले. चूल आणि कणग्या जिथे होत्या तेवढं सोडून सगळं घर आम्ही उघडं केलं. ती कौलं गोठ्याच्या वाशांवर रिपा ठोकून चढवली. खाली मुरूम आणि दगड टाकून बाजूला उतार काढला, उताराच्या टोकाला खड्डा. दोन दिवस लागले. लोक बघायला येत होते. म्हाताऱ्याची बायको म्हशीच्या वेडानं खुळावली, असं म्हणत होते. ज्याचं जळतं त्याला कळतं.

त्यानंतर जे झालं ते मला पुढाऱ्यांना, शेठांना, ठेकेदारांना, सदाला, सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं. तिसऱ्या दिवशी म्हशी बसल्या. एक बसली, मग दुसरी, मग सगळ्या. दहा म्हशी एकदम रवंथ करतानाचा जो आवाज असतो तो मी उघड्या घरातून, डोक्यावर घातलेली पळसाची पानं गळत असताना ऐकला आणि मला हुंदका आला. चारा वाया जायचा थांबला. आम्ही निम्मे भारे आणायला लागलो आणि त्या जास्त खाऊ लागल्या. खुरं पंधरवड्यात सुकली. खाल्लेलं थंडीवाऱ्याशी झुंजण्यात जळत होतं ते अंगाला लागायला लागलं. आणि शेण राहिलं. कोरडं, ढिगानं. मूत उतारानं खड्ड्यात. ओढा पुन्हा पाण्याच्या रंगाचा झाला. पुढच्या वैशाखात मामांनी राबावर त्याच कोरड्या शेणाच्या शेणी पसरल्या आणि छपराची एक काडी जाळली नाही. रोपं अशी आली की लोक मुठीत धरून बघत होते. म्हणजे पिढ्यान् पिढ्या छप्पर जाळून जे मिळवायला बघत होतो ते छप्पर ठेवल्यानं मिळालं. हे समजायला एक म्हैस आणि तिचं रेडकू जावं लागलं. आणि ते एवढं सोपं आहे की माझ्या वडिलांच्या गुदामातल्या कोणत्याही हमालानं सांगितलं असतं.

गंमत म्हणजे असलं काही बोललं की शिकलेले लोक म्हणतात, बाई, पक्क्या छपराला खर्च केवढा. आणि कच्च्याला नाही? तो खर्च जनावराच्या अंगातून जातो, म्हणून तुम्हाला दिसत नाही एवढंच. तुंगार्लीला आजही मोटारी पत्र्याखाली उभ्या असतात. मोटारीला थंडी वाजत नाही, तिचे पाय सडत नाहीत, ती गाभण राहत नाही. तरी तिला छप्पर हवं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आश्विनात मुनीम म्हशी न्यायला आला. ऊन स्वच्छ होतं. दहा म्हशी अंगणात आणल्या. अंगं काळीभोर, तकाकणारी, दोघींच्या कासा उतरायला लागलेल्या. त्यानं प्रत्येकीच्या पाठीवर थाप मारली, खुश झाला. मग दावी सोडायला सांगितली. दहाची दहा.

मामा म्हणाले, "आमची एक ठिवायची हाय नव्हं, मुनीमजी."

मुनीम म्हणाला, "किती दिल्या होत्या?"

"अकरा."

"एक मेली ना? मग ती मेली ती तुमच्या वाट्याची. शेठच्या दहा शेठला पोचल्या. हिशेब सरळ आहे."

अंगणात आम्ही पाच-सहा माणसं होतो. कुणी त्याचं धोतर धरलं नाही, कुणी दावं धरलं नाही. आत्याबाईंनी दहाही म्हशींना जाताना हळद लावली. लेक सासरी निघाली की लावतात तशी. मग म्हशी कामशेतच्या वाटेला लागल्या आणि त्यांच्या मागून छत्री टेकत तो माणूस गेला.

तिसऱ्या प्रहरी आमच्या यांनी शिडी गोठ्याला लावली. घरावर कौलं परत चढवायची होती. आत्याबाई गोठा झाडत होत्या.

"ऱ्हाऊ दे तितंच," त्या म्हणाल्या.

"आता कुनासाठी, आई? दोन बैल तर हायेत, ते ऱ्हातील पडवीत."

"आपली म्हस येईल तवा तिनं बी भिजायचं का?"

शिडी खाली आली. त्या वर्षी आम्ही घरावर गवत घातलं, पुढच्या वर्षीही, त्याच्या पुढच्या वर्षीही. पावसाळ्यात ओसरी गळायची, आम्ही अंथरुणं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ओढायचो. गोठ्यात एका टोकाला दोन बैल, बाकी सगळी जागा मोकळी. आत्याबाई ती रोज सकाळी झाडून घेत, चुना टाकत, गव्हाण पुसत. सात वर्षं. आठव्या वर्षी त्या गेल्या तेव्हा आषाढ होता, बाहेर पाऊस आडवा होता, आणि घरात कोरडी जागा नव्हती म्हणून आम्ही त्यांना गोठ्यात, त्या कौलांखाली, न आलेल्या म्हशीच्या जागेवर निजवलं होतं.